अभय कसं द्यायचं?

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली तीन समजायला सोपी. जेवण वाढता येतं, गोळ्या आणून देता येतात, ग्रंथ भेट देता येतो. पण हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना अभय कसं द्यायचं?

आमच्या विद्यानगरात किम्स आहे, धारवाडच्या वाटेवर सत्तूरला एस.डी.एम. आहे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं तिथे दिवसचे दिवस थांबलेली असतात. भेटायला जाणारे एकच बोलतात. कन्नडात ‘एल्ला चलो आगतैति’, मराठीत ‘काही होत नाही हो’. हेतू चांगलाच असतो. पण सत्याणुव्रत मानणाऱ्या आपण हे कशाच्या आधारावर म्हणतो? डॉक्टरांनी तर धोका समजावून सांगून सही घेतलेली असते. झडप बदलायची तर हृदय काही वेळ थांबवतात, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. हे ऐकून बसलेल्या बाईला ‘काही होत नाही’ म्हटलं की ती मान हलवते आणि गप्प होते. ‘आणि झालं तर?’ हे तिच्या ओठावरचं तिथेच राहतं.

काहीजणी तर ‘कर्माचा उदय’ म्हणून मोकळ्या होतात. कर्मसिद्धांत स्वतःचं दुःख समतेनं सोसण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून निकाल देण्यासाठी नाही.

अभय म्हणजे बरं होण्याची हमी, असं मला वाटत नाही. ती डॉक्टरही देत नाहीत. जे होईल त्यात आपण एकटे नाही, एवढं समोरच्याला कळलं तरी भीती निम्मी होते. तत्त्वार्थसूत्रात उपवास बाह्य तपात मोजलाय आणि वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, अंतरंग तपात. तिथे ती मुनींची सेवा आहे हे खरं, पण उपवास मोजणाऱ्या आपण बायकांनी हा क्रम आठवावा.

सोबत आलेली बाई रात्री जेवत नसेल, तर सूर्यास्ताआधी तिचा डबा पोहोचवा. रक्त देणारी दोन माणसं गाठून द्या. तिच्या मुलांना दोन दिवस आपल्या घरी ठेवा. ऑपरेशन चालू असेल ते चार-सहा तास नुसत्या शेजारी बसा. आणि तिनं विचारलंच, ‘काही झालं तर?’, तर विषय बदलू नका. ‘मला ठाऊक नाही गं, पण मी इथंच आहे,’ असं म्हणा. मग मात्र खरंच तिथं थांबा.