दुःखाला साक्षीदार लागतो

कोरोनाच्या साथीत, 3 मे 2021 पासून, ऑस्ट्रेलिया सरकारने भारतातून घरी परतणं हाच गुन्हा ठरवला. आधीच्या 14 दिवसांत भारतात राहिलेला माणूस ऑस्ट्रेलियाचा नागरिक असला, तरी देशात पाऊल ठेवल्याबद्दल त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 66,600 डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. हा आदेश 15 मेपर्यंत टिकला. त्या वेळी 9,000हून अधिक ऑस्ट्रेलियन भारतात अडकून पडले होते. त्याआधी, मार्च 2020 पासून, नागरिकांना आणि कायम रहिवाशांना परवानगी घेतल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नव्हतं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना जायला मोकळीक होती, पण परत येता येईल याची हमी नव्हती. भारतातल्या आईवडिलांना इकडे बोलावण्याची वाटही जवळजवळ बंद होती, कारण प्रवासाच्या सवलतीसाठी ठरवलेल्या ‘जवळच्या कुटुंबा’त जोडीदार आणि मुलं होती, आईवडील नव्हते. त्यांना त्या व्याख्येत जागा मिळाली ती 1 नोव्हेंबर 2021 पासून.

या नियमांचा अर्थ सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांत काय झाला, ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. पुण्यात संध्याकाळचे पाच म्हणजे मे महिन्यात सिडनीत रात्रीचे साडेनऊ. स्मशानात चुलतभावाने हातात धरलेला फोन हलतो आहे, पडद्यावर पांढऱ्या किटमधले महापालिकेचे कर्मचारी दिसतात, चेहरा दिसत नाही, मध्येच चित्र थिजतं. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. आतल्या खोलीत मुलं झोपलेली असतात, म्हणून इथे पाहणाऱ्याला हंबरडाही फोडता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात जवळचं माणूस गेल्यावर दोन दिवसांची रजा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या मीटिंगला हाच माणूस कॅमेरा सुरू करून बसतो.

त्याला आता बरीच वर्षं लोटली. बंधनं उठली, विमानं सुरू झाली, माणसं भारतात जाऊन आली. तरी परदेशस्थ मराठी मंडळींशी निवांत बोलायला बसलं की बोलणं फिरून त्याच काळापाशी येतं आणि अडखळतं. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: झालं ते झालं, सोडून द्या, वर्तमानात जगा, स्वतःच्या आत डोकावा. मन सावरणं आणि स्वतःची नवी ओळख होणं या एकट्याने, बंद दाराआड करायच्या गोष्टी आहेत, असं हा सल्ला गृहीत धरतो. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. दुःखाला साक्षीदार लागतो. जे गेलं ते गेलं, हे चार माणसांत मोकळेपणाने मान्य व्हावं लागतं. तसं झाल्याशिवाय माणूस पुढे सरकतो तो फक्त कॅलेंडरवर.

आपल्याकडे दहावा-तेराव्याच्या रिवाजात हे शहाणपण होतं. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी आणि सोयरे कडू घास घेऊन येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: कसं झालं हो? घरची माणसं तीच हकिगत पहिल्यापासून सांगतात. परवापर्यंत जेवत होते, रात्री घाम आला, रिक्षा मिळेना. पहिल्या दिवशी सांगताना शब्द फुटत नाही. आठव्या दिवसापर्यंत त्या हकिगतीला सुरुवात आणि शेवट आलेला असतो. जे अंगावर कोसळलं, त्याची सांगता येईल अशी गोष्ट झालेली असते. ऐकणाऱ्याने उपदेश करायची गरज नसते, त्याने येऊन बसणं पुरेसं असतं.

या रिवाजांचा मला भाबडा पुळका नाही. त्याच दहा दिवसांत बाईचं कुंकू पुसलं गेलं, बांगड्या फोडल्या गेल्या आणि तिच्या दुःखावर अपमानाचा डाग बसला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो योग्यच होता. पण जाच काढून टाकताना सोबतही निघून गेली, तर हातात काय उरतं? परदेशात नेमकं हेच घडलं. तिथे जाच करणारं कोणी नव्हतं आणि कसं झालं हो, म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं.

अशा दुःखाचा अभ्यास झालेला आहे. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही, रजा देत नाही, विधी देत नाही, ते आत साचून राहतं, असं अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस मांडलं. पॉलीन बॉस यांनी आणखी एका प्रकारावर आयुष्यभर काम केलं: माणूस पूर्ण गेलेलाही नाही आणि पूर्ण उरलेलाही नाही, अशी अवस्था. बेपत्ता सैनिकांची आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची कुटुंबं त्यांनी अभ्यासली. पण या विचाराचं बीज त्यांच्या स्वतःच्या घरात होतं. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आले होते आणि मागे राहिलेल्या घरासाठी जन्मभर झुरत होते. स्थलांतरिताच्या मनात आईवडील तसेही अर्धे हजर, अर्धे गैरहजर असतात. ते गेल्याची खबर फोनवर आली की मन ती धड स्वीकारत नाही. रविवार सकाळ झाली की बोटं सवयीने त्याच नंबरकडे वळतात.

मग केव्हातरी मागचं घर आवरायला जावं लागतं. साताऱ्याचा किंवा सांगलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट. औषधांच्या अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, बँकेचं पासबुक, तारखेनुसार लावून ठेवलेली वीजबिलं, आणि ‘ऑस्ट्रेलिया’ असं आईच्या अक्षरात लिहिलेला स्टीलचा डबा, ज्यात मुलासोबत द्यायची गोडा मसाल्याची पुडी तयार असायची. इथे प्रश्न शोकापुरता राहत नाही. आपण तात्पुरते बाहेर आहोत, एक दिवस परत जाऊ, ही कल्पना बहुतेक स्थलांतरित मनाशी जपून असतात. आईवडील असेपर्यंत त्या कल्पनेला पत्ता असतो. ते गेले की पत्ता जातो आणि पन्नाशीच्या माणसाला प्रथमच विचारावं लागतं की मी आता कुठला, कोणाचा आणि पुढचं आयुष्य कोणासाठी. स्वतःचा शोध म्हणतात तो इथे सुरू होतो. तो ध्यानाच्या शिबिरात लागेलही. पण ज्यांनी आपल्याला घडताना पाहिलं त्यांच्याशी बोलल्याशिवाय तो पुरा होत नाही.

हे सगळं ज्या ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर घडतं आहे, तिने याहून कितीतरी भीषण स्वरूपात तुटलेपण पाहिलं आहे. दोन्ही अनुभवांची बरोबरी करायची नाही. आपण स्वेच्छेने घर सोडलं, इथल्या मूलनिवासींची मुलं हिसकावून नेली गेली. विसाव्या शतकात अनेक दशकं ऑस्ट्रेलियातल्या सरकारांनी आणि मिशनऱ्यांनी मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून वसतिगृहांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने याची चौकशी केली आणि 1997 मध्ये ‘ब्रिंगिंग देम होम’ हा अहवाल आला. 1910 ते 1970 या काळात दर दहांतलं एक ते दर तिनांतलं एक मूल असं नेलं गेलं, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. त्याचा गाभा म्हणजे शेकडो माणसांनी दिलेल्या साक्षी. तोवर ज्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, त्यांना देशाने प्रथम विचारलं: काय झालं?

अशी साक्ष त्याआधी एका पुस्तकातूनही आली होती. सॅली मॉर्गन यांचं ‘माय प्लेस’ हे आत्मकथन 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. पर्थमध्ये वाढलेल्या या मुलीला शाळेत विचारत, तुम्ही कुठले? घरून शिकवलेलं उत्तर होतं: आम्ही भारतातले. सावळ्या रंगाला ते उत्तर खपून जायचं. किशोरवयात तिला कळलं की आपण मूलनिवासी आहोत आणि आजी-आईने भीतीपोटी ते लपवलं. आजीची मुलगी, म्हणजे सॅलीची आई, लहानपणीच आजीपासून दूर करून बालगृहात ठेवली गेली होती. पुढे सॅलीने पिलबारातल्या कोरुना डाउन्सपर्यंत प्रवास केला, नातेवाईक शोधले, आजीच्या भावाची, आईची आणि आजीची कहाणी त्यांच्याच तोंडून नोंदवली. तिला स्वतःचा शोध लागला तो या तिघांच्या सांगण्यातून. आजीने मात्र सगळं सांगितलं नाही, काही गोष्टी ती सोबत घेऊन गेली आणि नातीने तिचा तो हक्क मानला.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 मध्ये. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ तर ‘माय प्लेस’च्याच वर्षी आलं. या पुस्तकांनी लिहिणाऱ्याचं मन मोकळं केलं की नाही, हे ज्याचं त्याला ठाऊक. पण जे भोगणं घरात आणि वस्तीत गाडलं गेलं होतं, ते त्यांनी सगळ्या मराठी समाजासमोर ठेवलं आणि त्यामुळे मागून येणाऱ्या कित्येकांना आपलं भोगणं उच्चारता आलं.

असं बोलायला आणि भेटायला सोबत करणारं म्हणून ऑस्ट्रेलियातलं ‘लिंक-अप’चं काम मला फार मोलाचं वाटतं. कुटामुंड्राच्या मुलींच्या वसतिगृहात वाढलेल्या कोरल एडवर्ड्स आणि इतिहासकार पीटर रीड यांनी 1980 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये ही संस्था उभी केली. तुटलेल्या माणसांना कुटुंब शोधून देणं हे तिचं काम. त्यात सरकारी दफ्तरांतल्या जुन्या नोंदी काढणं येतं, भेटीआधी मनाची तयारी करून घेणं येतं, भेटीच्या दिवशी सोबत जाणं येतं आणि नंतरही संपर्क ठेवणं येतं. शोध लागेपर्यंत आई गेलेली असेल, तर कार्यकर्ते त्या माणसाला आईच्या कबरीपाशी घेऊन जातात. चाळीस-पन्नास वर्षं उशीर झाला म्हणून भेट व्यर्थ ठरत नाही, असा या कामामागचा विश्वास आहे. ज्यांना आईवडिलांच्या चितेपाशी उभं राहता आलं नाही, त्या आपल्या लोकांनी हा विश्वास घ्यावा असा आहे.

13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत मूलनिवासींची माफी मागितली. त्या शब्दांनी कोणाची आई परत आली नाही. तरी प्रेक्षक कक्षात बसलेले वृद्ध रडत होते, कारण जन्मभर खोटं ठरवलेलं त्यांचं दुःख देशाने खरं मानलं. पुढच्याच वर्षी या समाजाच्या मानसिक पुनर्बांधणीसाठी ‘हीलिंग फाउंडेशन’ स्थापन झालं. मात्र शब्दांनंतर कृती रेंगाळली की काय होतं, तेही याच देशाने दाखवलं. ऑक्टोबर 2023 मधल्या सार्वमतात मूलनिवासींना संसदेपुढे आवाज देणारी घटनादुरुस्ती सुमारे 60 टक्के मतांनी फेटाळली गेली. ऐकून घेणं ही एका दिवसाची गोष्ट नाही; ते पुन्हा पुन्हा करावं लागतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुःख सतत उगाळलं तर माणूस त्यातच अडकणार नाही का? जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन सांगतं की बहुतेक माणसं जवळच्याचा मृत्यू स्वतःच्या बळावर पचवतात, सगळ्यांना उपचार लागत नाहीत. हे मला मान्य आहे. पण एखादा स्वतःच्या बळावर सावरतो, तेव्हा त्या बळात त्याची माणसं, त्याची भाषा, त्याचं गाव धरलेलं असतं. स्थलांतरिताचं नेमकं तेवढंच भांडवल तुटपुंजं असतं. शिवाय उगाळणं आणि सांगणं यांत फरक आहे. उगाळणारा एकटा असतो आणि तिथल्या तिथे फिरतो. सांगणाऱ्यासमोर ऐकणारा असतो, म्हणून त्याला शेवटापर्यंत जावं लागतं.

ऑस्ट्रेलियात उपचारांची सोय बरी आहे. डॉक्टरने मानसिक आरोग्याचा आराखडा करून दिला, की मेडिकेअरमधून वर्षाला मानसशास्त्रज्ञाच्या दहा भेटींपर्यंतच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. ‘लाइफलाइन’ ही फोनसेवा सिडनीत 1963 पासून चालू आहे. ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांना जगणं नको झालं आहे, त्यांनी ही मदत संकोच न करता घ्यावी. आपल्या लोकांत अजून ‘मला काय वेड लागलंय?’ हा प्रश्न आडवा येतो आणि पुरुषांच्या बाबतीत तर फारच. पण पन्नास मिनिटांच्या भेटीत तज्ज्ञाला ‘पिंडाला कावळा शिवला का, हे मला कोणी सांगितलंच नाही’ या वाक्यातला सल कळायला अर्धा वेळ जातो. ते आपल्याच माणसाला क्षणात कळतं. तज्ज्ञ आणि समाज, दोघांचीही गरज आहे.

म्हणून माझं मागणं महाराष्ट्र मंडळांकडे आहे. 2021च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेल्यांची संख्या 6 लाख 73 हजारांवर गेली; या देशात परदेशी जन्मलेल्यांचा हा दुसऱ्या क्रमांकाचा गट झाला. आपले गणेशोत्सव मोठे झाले, ढोल-ताशा पथकं उभी राहिली, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भरतात. आनंद एकत्र साजरा करायला आपण शिकलो. आता दुःखासाठीही एकत्र बसू या. वर्षातून एक दुपार ठेवावी, जिच्यात भाषण नाही, अध्यक्ष नाही, आणि ज्यांची माणसं दूर गेली त्यांनी त्यांचं नाव घेऊन हवं ते सांगावं. कोणाकडे वाईट बातमी आली, तर पुढचे दहा दिवस आळीपाळीने डबा घेऊन जाणारी चार घरं आधीच ठरलेली असावीत. मुलांनाही त्यात बसू द्यावं. आजी कोण होती हे त्यांना अशा वेळी जेवढं कळतं, तेवढं एरवी कळत नाही.

आणि वाचकहो, 2020 ते 2022 या काळात तुमच्या ओळखीतल्या कोणाला असं लांबून माणूस पोचवावं लागलं असेल, तर उशीर झाला असं मानू नका. या आठवड्यात त्यांच्याकडे जा, बसा आणि विचारा: कसं झालं हो?