मुक्या जिवाची समजूत

एखाद्याच्या हितासाठी त्याला भयभीत करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? प्रश्न मोठा वाटतो. पण तो घरातल्या अगदी लहानशा प्रसंगीही उभा राहतो. पाळलेल्या मांजराला लस टोचून घ्यायची असते. माळ्यावरची करंडी खाली येते. तिचा आवाज कानी पडताच मांजर पलंगाखाली शिरते. मग घरातली दोन माणसे त्याला ओढून काढतात, करंडीत कोंबतात आणि रिक्षाच्या धडधडाटातून पशुवैद्याकडे नेतात. तेथे भुंकणारी कुत्री, औषधांचा उग्र दर्प, गुळगुळीत थंडगार टेबल आणि अनोळखी हात. घरी परतल्यावर ते मांजर दिवसभर कोपरा धरून बसते. आपण म्हणतो, "त्याच्या भल्यासाठीच केले ना!" हे म्हणणे खरे आहे. परंतु ते पुरेसे आहे काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हे भय कशाचे असते ते पाहू. मांजर माणसाच्या सहवासात फार प्राचीन काळापासून आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. तरीही बैलाच्या मानेवर जू आले तसे मांजराच्या मानेवर कधी आले नाही. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने इस्पितळ आहे. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झालेल्या या इस्पितळाला लोक 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखतात. कासरा आणि लगाम यांची सवय असलेल्या जनावरांची आठवण त्या नावात टिकून आहे. बांधून उभे राहणे बैलाच्या रोजच्या जीवनातच असते. मांजराच्या जीवनात ते नसते. त्याचे पूर्वज एकट्याने शिकार करणारे, पण लहान चणीमुळे स्वतःही मोठ्या श्वापदांचे भक्ष्य होणारे. अशा प्राण्याचा सारा भरवसा दोन गोष्टींवर असतो: ओळखीची जागा आणि निसटण्याची वाट. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासून ते आपला गंध ठेवते. तो गंध हीच त्याच्या घराची खूण. पशुवैद्याकडे नेताना आपण नेमक्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी काढून घेतो. सुई त्यानंतर येते, आणि तिची वेदना तर क्षणाचीच असते.

कोणी म्हणेल, घटकाभराचे भय ते, विसरून जाईल. पण मांजर विसरत नाही. पुढच्या खेपेस करंडी दिसण्याचाच अवकाश, ते नाहीसे होते. ही ओढाताण नको म्हणून अनेक घरांत तपासणीच टाळली जाते. आणि आजार लपवण्यात मांजराचा हात कोणी धरणार नाही. दुखणे ध्यानात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय भय तपासणीलाही फसवते. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर इतकी वाढू शकते की मधुमेहाची शंका यावी. ज्या हितासाठी आपण भयाकडे काणाडोळा करतो, त्या हितालाच भय बाधा आणते.

तथापि केवळ उपयुक्ततेवर हा विचार थांबवता येणार नाही. समजा, भयामुळे तपासणीत काहीच बिघडले नाही, तरी ते भय उरतेच. जर्मन तत्त्वचिंतक कांट याच्या मते प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य अप्रत्यक्ष आहे: प्राण्यांशी निष्ठुर होणारा मनुष्य पुढे माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून निष्ठुर होऊ नये. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने 1789 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निराळी कसोटी मांडली. बुद्धी किंवा वाणी नव्हे, तर दुःख भोगण्याची क्षमता त्याने महत्त्वाची मानली. करंडीच्या कोपऱ्यात अंग चोरून, डोळे विस्फारून बसलेल्या मांजराकडे पाहिले की बेंथमचे म्हणणे पटते. ते भय त्या मांजराचे आहे; आपल्या स्वभावावर होणाऱ्या परिणामाचा हिशेब नंतरचा.

येथे प्रश्नाचा गाभा हाती येतो. शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्या माणसाला डॉक्टर कारण सांगतात. तो संमती देतो आणि वेदना सोसतो. लहान मुलाला आपण मांडीवर घेऊन समजूत घालतो. कारण कळले की वेदनेला शेवट आहे हे कळते. मांजराला ते कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या दृष्टीने, ज्या हातांनी रोज दूध-मासळी दिली त्याच हातांनी आज त्याला संकटात लोटले आहे. मग समजूत घालण्याचे कर्तव्य शब्द संपले म्हणून संपते काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. जेथे कारण सांगता येत नाही, तेथे पूर्वतयारीने कारणाची जागा घेतली पाहिजे. मांजराची समजूत गंधाने, सवयीने आणि सावकाशीने घालावी लागते.

ती कशी घालावी हे आता पुष्कळसे ज्ञात आहे. करंडी माळ्यावर न ठेवता घरातच, दार उघडे ठेवून, नेहमीच्या अंथरुणासह असू द्यावी. आधी तिच्याजवळ, मग तिच्या आत खाऊ ठेवावा. मांजर आपणहून आत झोपू लागले की क्षणभर दार लावावे, उघडावे. पुढे करंडी उचलून खोलीतच दोन पावले चालावे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशी सवय लावलेल्या मांजरांत प्रवासाच्या वेळी तणावाची चिन्हे कमी आढळली. निघताना करंडीवर घरातलाच टॉवेल टाकावा. दवाखान्यात ती जमिनीवर कुत्र्यांच्या तोंडाशी न ठेवता बाकावर किंवा मांडीवर घ्यावी. वरचे झाकण निघणारी करंडी असेल तर मांजराला ओढून न काढता खालच्या भागात बसूनच बरीचशी तपासणी होऊ शकते. मांजराला मानगुटीला धरून उचलण्याची किंवा दाबून ठेवण्याची जुनी रीत सोडावी, असे मांजरांच्या वैद्यकातील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी 2022 साली सांगितले आहे. फारच घाबरणाऱ्या मांजराला निघण्यापूर्वी काही तास गॅबापेंटिनसारखे औषध देता येते. मात्र ते पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच. घरातली माणसांची गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे. परतल्यावर घरातले दुसरे मांजर त्याच्यावर फिस्कारले तर नवल नाही, कारण अंगाला दवाखान्याचा वास असतो. काही वेळ दोघांना वेगळे ठेवावे.

यावर एक आक्षेप घेता येईल. करंडीत खाऊ ठेवून आत नेणे ही फसवणूकच नव्हे काय? आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या दिवशी दवाखाना, त्याच दिवशी करंडीत मासळी ठेवली, तर ते आमिष आहे आणि दुसऱ्या वेळी मांजर ते ओळखते. परंतु करंडी हे वर्षभर त्याचे अंथरूण असेल आणि तेथला खाऊ शंभरांतून नव्याण्णव वेळा निव्वळ खाऊच असेल, तर आपण खोटे बोललो नाही. आमिष एका दिवसापुरते असते. विश्वास दिवसेंदिवस जोपासावा लागतो.

अर्थात सावकाशी नेहमीच परवडत नाही. बोक्याची लघवी अडली तर एक दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. तेथे टॉवेलात गुंडाळून तडक दवाखाना गाठणे हीच दया. विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला प्रभू येशूने दिला तो शब्बाथाच्या संदर्भात. तो बैल लागलीच वर काढला जाईल हे त्याने गृहीतच धरले आहे, आणि बैलाची धडपड हे काही थांबण्याचे कारण नव्हे. परंतु वार्षिक लस म्हणजे विहीर नव्हे. मांजर भयाने बेभान झाले असेल तर डॉक्टरांच्या संमतीने ती आठवड्याने पुढे ढकलता येते. निकड कोठे आहे आणि आपली केवळ घाई कोठे आहे, हे प्रामाणिकपणे ओळखणे, एवढाच विवेक येथे हवा.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या देशात कित्येक माणसांना औषध मिळत नाही, तेथे मांजराच्या भयाची काळजी करणे ही चैन नव्हे काय? येथे वर्णिलेल्या बहुतेक उपायांना पैसा लागत नाही. जुना टॉवेल, थोडा खाऊ आणि वेळ लागतो. त्यातील एक पैसाही कोणा रुग्णाच्या ताटातून काढून घेतलेला नसतो. शिवाय ज्याला कारण कळत नाही असा जीव आपल्या घरात मांजराच्या रूपानेच असतो असे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला स्नान घालणे असते, वर्षाच्या बाळाला लस टोचणे असते, शुद्धी-बेशुद्धीच्या सीमेवरील रुग्णाची कूस बदलणे असते. तेथेही दोघांनी मिळून धरले की काम लवकर उरकते, आणि तेथेही "भल्यासाठीच" हे उत्तर तयार असते. ज्याचा प्रतिकार सहज मोडता येतो, त्याच्याशी आपण किती सावकाश वागतो, हे पाहावे. हातातली सत्ता आपण कशी वापरतो ते तेथे कळते.

पुढची लस अद्याप काही महिने दूर असेल, तर करंडी आजच माळ्यावरून खाली काढावी आणि दार उघडे ठेवून घराच्या एका कोपऱ्यात असू द्यावी. मांजर तिच्याकडे पहिले दोन दिवस ढुंकूनही पाहणार नाही. पाहू नये, त्याला वेळ आहे, आणि आपल्यालाही.