परसातली नांगरट आणि हिंसेचा हिशेब

घरामागच्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यात मिनी ट्रॅक्टर घालावा की नाही, हे ठरवताना बहुतेक जण तासाचे भाडे विचारतात, वळायला जागा पुरेल का ते पाहतात आणि दिवसाचे काम अर्ध्या तासात उरकते म्हणून होकार देतात. मला हा प्रश्न आधी धर्माचा वाटतो. धर्म म्हणजे इथे पूजाअर्चा नव्हे. आपल्या जगण्यापायी दुसऱ्या जिवांना किती इजा करायची, हा विचार. नांगराच्या बाबतीत आपल्या परंपरांनी तो फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. यंत्र आल्यावर आपण तो सोडून दिला, आणि परसबागेसारख्या छोट्या जागेत तर तो कोणाच्या मनातही येत नाही.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय ब्राह्मण-क्षत्रियांना अडचणीच्या काळातही शेती टाळायला सांगतो. लोखंडी फाळ जमिनीला आणि तिच्यातल्या जिवांना मारतो, हे त्याचे कारण. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूला जमीन खणण्याची मनाई आहे, आणि दुसऱ्याकडून खणवून घेण्याचीही. जैन श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा येतो. या सगळ्यांमागचे निरीक्षण अचूक आहे. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता, आणि नांगर जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून जमीन गांडुळेच नांगरत आली आहेत, हे त्याचे म्हणणे. ज्या मातीला आपण मोकळी करायला निघतो ती मोकळी करणारेच पात्याखाली सापडतात. गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळे होतात, ही समजूतही खोटी आहे. फार तर डोक्याकडचा तुकडा जगतो.

निरीक्षण पटते, पण मनुस्मृतीचा निष्कर्ष पटत नाही. नांगर धरणाऱ्याचा हात दोषी आणि भाकरी खाणाऱ्याचे ताट स्वच्छ, ही वाटणी अन्यायाची आहे. मातीत राबणाऱ्यांना हलके मानायला तिने हातभारच लावला. याला सर्वांत चांगले उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ते मिथिलेत मांस विकणाऱ्या धर्मव्याधाच्या तोंडी आहे. कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो की लोक शेतीला चांगली म्हणतात, पण नांगर चालतो तेव्हा जमिनीतले कितीतरी जीव मरतात. हिंसेतून पूर्ण सुटलेला कोणीच नाही, अहिंसेला वाहून घेतलेले यतीसुद्धा नाहीत, मात्र प्रयत्न केला तर ती कमी होते. माझा सगळा युक्तिवाद या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर उभा आहे. शून्य हिंसा अशक्य आहे म्हणून किती हिंसा हा प्रश्न संपत नाही. उलट तोच एक प्रश्न उरतो.

त्याचे मोजमाप करायला दोन गोष्टी लागतात, गरज आणि सावधपणा. जैनांचे तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना नुसत्या जीव जाण्यावर थांबत नाही, तो बेसावधपणातून जाणे महत्त्वाचे मानते. आणि जैन आगमांतला आनंद श्रावक व्रत घेतो तेव्हा शेती सोडत नाही, पाचशे नांगरांची मर्यादा घालून घेतो. आकडा मोठा आहे, पण तत्त्व स्पष्ट आहे: गृहस्थाने आपली सीमा स्वतः आखायची. ज्याचे घर चार एकर ज्वारीवर चालते त्याची गरज उघड आहे, त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परसबागेची गोष्ट वेगळी. मेथी, पालक, कोथिंबीर यांची मुळे बहुतांशी वरच्या थरात राहतात. वांगी-मिरचीसाठी रोपाच्या जागेपुरता खड्डा आणि चांगले शेणखत पुरते. इथे दरवर्षी सबंध तुकडा उलथण्यामागे पिकाची गरज क्वचित असते. बहुतेकदा सवय असते, आणि मोकळी काळी जमीन डोळ्याला नीटनेटकी दिसते एवढेच. रोटाव्हेटर माती पिठासारखी करतो, ती पहिल्या जोरदार पावसात दबून वर पापुद्रा धरते. पात्यांच्या खाली घट्ट थर बसत जातो. खोल पडलेले तणाचे बी वर येऊन उगवते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नांगरायला निमित्त मिळते. महाराष्ट्रातली भारी काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळून वरची माती भेगांत ओढते आणि स्वतःच काही अंशी उलथते. अमेरिकेत एडवर्ड फॉकनरने १९४३ मध्ये आणि जपानमध्ये मासानोबू फुकुओकाने १९७५ मध्ये नांगरटीच्या गरजेवरच शंका घेणारी पुस्तके लिहिली. मोठ्या शेतीबद्दलचे त्यांचे सगळे दावे मान्य करण्याची गरज नाही. पाच पावलांच्या वाफ्याबाबत त्यांचे म्हणणे नाकारणे अवघड आहे.

सावधपणाचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. कुदळीने खणणारा थकतो, म्हणून लागेल तेवढेच खणतो; गांडूळ दिसले तर हात थबकतो. माती ओली असेल तर ती कुदळीला चिकटते आणि वाफसा आला नाही हे कळते. ट्रॅक्टरच्या जोरापुढे हे सगळे संकेत पुसले जातात. वाफसा नसतानाही तो चालतो, मग ढेकळे निघतात आणि चाकांखाली जमीन दडपते. यंत्र दुष्ट नाही, पण ते शरीराची मर्यादा काढून घेते, आणि तिच्या जागी विचाराची मर्यादा आपोआप येत नाही. ती मुद्दाम आणावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की ज्यांच्या कंबरेला किंवा गुडघ्याला खणणे झेपत नाही त्यांच्यासाठी यंत्र ही दयाच आहे. मान्य. विनोबांनी पवनारला बैलांशिवाय, केवळ माणसाच्या हातांनी ऋषिशेतीचा प्रयोग केला. त्याबद्दल मला आदर आहे, पण घाम गाळल्याने कृत्य शुद्ध होते असे मी मानत नाही. कुदळीने दरवर्षी सबंध परस उकरणाराही तितकेच जीव मारू शकतो. म्हातारपणात नांगरट कमी करणे हीच अधिक दया आहे, माणसावरही. दुसरा आक्षेप बैलाचा. ट्रॅक्टरने बैलाची आर, जू आणि खच्चीकरण यांतून सुटका केली. जनावराचे खच्चीकरण हेही पंधरा कर्मादानांत मोडते. हे यंत्राच्या बाजूने खरोखर मोठे पुण्य आहे आणि जुन्या बैलजोडीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते विसरू नये. पण परसात बैल तसाही नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. भाजी घरी न पिकवता बाजारातून आणली, तर दुसऱ्याच्या रानात नांगर आणि फवारणी दोन्ही होतात, फक्त आपल्या डोळ्यांआड. म्हणून मी परसबाग सोडा असे म्हणत नाही, आणि नवी, दगडासारखी दडपलेली जागा पहिल्यांदा फोडायला पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर लावण्यालाही माझी हरकत नाही. ती नांगरट गरजेची आहे. वाफसा पाहून, एकदा करावी. पुढच्या वर्षांत गादीवाफे, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि खुरपे एवढ्यावर भागते का ते पाहावे, आणि एखादा कोपरा पुन्हा घट्ट झाला तर तेवढाच फोडावा. ट्रॅक्टर भाड्याचा आहे आणि चालवणारा दुसरा आहे, म्हणून हिशेब त्याच्या नावावर जात नाही; करवून घेणे हे करण्याच्याच रांगेत बसते, हे जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरांनी ओळखले होते. किती खोल आणि कुठपर्यंत घालायचा, हे चालकाला फाटकातच सांगणे मालकाचे काम आहे.