पाठीमागून येणारा

आदिलाबादहून पदव्युत्तर शिक्षणासाठी हैदराबादेस जाणाऱ्या मुलामुलींचा प्रवास सुमारे ३०० किलोमीटरांचा. खरे अंतर पुढेच लागते. घरी मराठी, बाजारात तेलुगू, वर्गात इंग्रजी. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडतो, संशोधनाचा विषय घेऊन प्राध्यापकांकडे केव्हा जावे, हे माहितीपुस्तकात छापलेले नसते. ते वर्षभर आधी आलेल्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. ते सांगणे त्याचे कर्तव्य आहे काय?

“मला कोणी सांगितले नाही, मी धडपडून शिकलो,” असे उत्तर पुष्कळदा मिळते. त्यात अभिमान आहे, तशी जुनी जखमही आहे. पण नीट पाहिले तर रॅगिंग करणाराही हेच म्हणतो: मी सोसले, तूही सोस. आधी आल्यामुळे हाती आलेले बळ एकच. त्याने नवख्याला धाक घालता येतो किंवा वाट दाखवता येते. म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरुद्ध जे नियम केले, त्यांतच स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांनी दर सहा नवागतांमागे एक, याप्रमाणे मार्गदर्शक व्हावे, अशी तरतूद ठेवली. (नियमाने आपुलकी उपजत नाही, हे खरे, पण नियम दोघांना एका बाकावर बसवू शकतो.)

आपल्याच भागातील एक जुने उदाहरण आहे. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्या प्रयत्नाने १९४३ साली मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले. गोंडी भाषेचे धडे देवनागरीत लिहिले गेले, आणि नुकतेच शिकलेले तरुण आपल्याच लोकांना शिकवू लागले. अक्षर कोठे अडते, हे अशा शिक्षकाला ताजे आठवत असते. मोठा विद्वान ते कधीच विसरलेला असतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हे सांगावयास नको.

ही आठवण फार दिवस टिकत नाही. पाच वर्षांनी तोच विद्यार्थी म्हणतो, “त्यात काय अवघड आहे?” तेव्हा ज्याला आज आठवते, त्यानेच आज सांगावयाचे, दुसऱ्या कोणाकडे ते नाही. स्वतःला मिळाले की नाही, हा हिशेब येथे गैरलागू आहे. मात्र मदतीच्या मोबदल्यात नवख्याकडून नोंदवह्या उतरवून घेणे, चहा आणविणे सुरू झाले, की ती मदत राहिली नाही.

आपल्या मंडळीतील कोणी यंदा शिकावयास निघत असेल, तर तेथे आधी गेलेल्याचा पत्ता त्याच्या हाती द्यावा. आणि त्या आधी गेलेल्यालाही तसे कळवावे.