नवी कल्हई, जुने भांडे

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळी कोकणातून आलेल्या तांबटांनी तेथे वस्ती केली, व आजही त्या आळीत तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके ऐकू येतात. पोचे आलेला जुना हंडा ठोकून सारखा करता येतो, मठारकामाने त्यास चकाकी आणता येते, व कल्हईवाल्याकडून पातेल्यास आतून नवी कल्हई लावून घेता येते. इतके केले तरी भांडे तेच राहते. परंतु त्यास पत्र्याचे बूड बसवून वरून तांब्याचा रंग दिला, तर ती दुरुस्ती नव्हे, फसवणूक होय.

जुन्या मोटारींचेही असेच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारी आता निघत नाहीत, व मुंबईच्या टॅक्सींतूनही त्या २०२३ साली नाहीशा झाल्या. तरी काही हौशी लोक त्या जतन करून ठेवतात. कोणी नवा रंग देतो, कोणी बैठकी बदलतो, कोणी अधिक भरवशाचे ब्रेक बसवितो. ज्यास मूळ घडण ठाऊक आहे, त्याच्या हातून झालेला बदल शोभून दिसतो. ज्यास ती ठाऊक नाही, तो नुसता नटवीत सुटतो व अखेर मोटार ओळखू येईनाशी होते.

प्रिय वाचकहो, पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा असतो. १८११ साली श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांचा मराठी नवा करार छापून निघाला. त्या कामी वैजनाथ पंडितांचे साह्य होते. त्यानंतर भाषांतरे पुष्कळदा सुधारली गेली. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनात, खेड्यातील अशिक्षित बायांसही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. त्या १९२२ साली प्रभूमध्ये निजल्या, व त्यांचे बायबल १९२४ साली संपूर्ण छापून बाहेर पडले. बाईंनी रूढ शब्द बदलले ते नवेपणाच्या हौसेने नव्हे, तर मूळ अर्थ खेड्यापर्यंत नीट पोचावा म्हणून. ह्यावरून दिसते की, जुन्या शब्दांस चिकटून राहणे हाच काही विश्वासूपणा नव्हे.

मग बदलावे काय व राखावे काय? आम्हास असे वाटते की, ज्या शब्दावर दुसरे काही उभे नाही तो बदलण्यास हरकत नसावी. परंतु ज्यावर पुष्कळ काही उभे आहे तो हलवू नये. आमच्या देशावर हिम पडत नाही. म्हणून शुभ्रतेसाठी कोणी कापसाची उपमा घातली, तर अर्थाची फारशी हानी होणार नाही. परंतु कोकऱ्याच्या जागी दुसरा प्राणी घातला, तर वल्हांडणाचा यज्ञ, यशयाचे भविष्य व बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची साक्ष ही सर्व एकमेकांपासून तुटतील. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती. तेथे कोणी आजचे एखादे नाणे लिहिले, तर पन्नास वर्षांनी त्याच नाण्याची किंमत उतरून तो उदार धनी कृपण दिसू लागेल.

ह्याहून मोठी परीक्षा कठीण वचनांच्या वेळी होते. लूक १४:२६ येथे प्रभू आपल्या शिष्याविषयी बोलताना आईबापांच्या बाबतीत द्वेषाचा शब्द वापरतो. ज्या घरात एकानेच ख्रिस्त स्वीकारला आहे, त्या घरातील म्हाताऱ्या आईच्या कानी हा शब्द पडला म्हणजे तिचे काळीज कसे होत असेल! कोणी म्हणेल, हा शब्द भाषांतरातच सौम्य का करू नये? त्यामागील कळवळा खरा आहे. पण एक कठीण शब्द आपल्या दयेने सौम्य केला, तर दुसरा आपल्या सोयीने सौम्य करण्यास आपणास कोण अडविणार? वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा अनेकांस ह्याहून कठीण वाटते.

शास्त्राने स्वतःच त्या आईसाठी वाट ठेविली आहे. मत्तय १०:३७ येथे तोच बोध प्रभूपेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करण्याविषयीच्या शब्दांत आला आहे. त्यावरून लूकमधील शब्दाचा भाव उलगडतो. शिवाय वधस्तंभावरूनही प्रभूने आपल्या आईची सोय केली. तेव्हा आईस टाकून देण्याची ही शिकवण नव्हे, हे उघड आहे.

म्हणून ग्रामीण मंडळीत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, वाचन व विवरण ही दोन कामे वेगळी ठेवावी. वचन जसे आहे तसे वाचावे. मग पुस्तक मिटून, आपल्या गावच्या बोलीत, जितक्या ममतेने समजावता येईल तितक्या ममतेने समजावावे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे प्रत्येक घरधनिणीस ठाऊक आहे. म्हणून भाषा वेळोवेळी नवी करणे अगत्याचेच आहे. परंतु कल्हई लावणारा तांबे खरवडून काढीत नाही.