रमाबाईंचा देव आणि त्याचे परीक्षक

पंडिता रमाबाईंच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने 2022 पासून जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात एक टोमणा वारंवार कानावर आला. टोमणा असा: दुष्काळात आईवडिलांचे देव धावून आले नाहीत म्हणून बाईंनी ते देव सोडले, मग ज्या ख्रिस्ताला धरलं त्याने तरी कोणते दिवे लावले? एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये आईच्या हयातीत गेली. म्हणजे बाईंनी देव बदलला, भोग काही बदलले नाहीत! असं म्हणणाऱ्यांत विवेकवादी आहेत आणि धर्माभिमानीही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी इथे गळ्यात गळा घालतात. त्याहून मौज म्हणजे, चंगाई सभेच्या मांडवात माइक हातात घेऊन उभा असलेला उपदेशकही नेमकं हेच गणित मांडत असतो. फक्त त्याच्या गणितात नापास होणारा वेगळा. प्रार्थना फळली नाही? मग देव कसा चुकेल, तुमचाच विश्वास कमी पडला. आजारी पोराच्या बापाला हे ऐकवून तो पुढच्या गावी जातो. या तिघांचं देवाविषयी काहीही मत असो, प्रार्थनेविषयी त्यांचं एकमत आहे: प्रार्थना हा अर्ज आहे आणि तो मंजूर झाला की नाही यावरून अर्ज घेणाऱ्याची किंवा करणाऱ्याची लायकी ठरते.

हे गृहीतक खरं मानलं तर निकाल केव्हाच लागलेला आहे आणि तो आस्तिकांच्या बाजूने नाही. फ्रान्सिस गॉल्टनने 1872 मध्येच विचारलं होतं की, ज्या राजघराण्यासाठी देशभरच्या चर्चमधून दर रविवारी दीर्घायुष्य मागितलं जातं, ती माणसं इतरांपेक्षा जास्त जगतात का? जगत नव्हती. 2006 मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही याची ज्यांना खात्री नव्हती, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत गुंतागुंतीचं प्रमाण 52 टक्के निघालं, न झालेल्यांत 51. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात 59! यावर धर्मपंडितांचं उत्तर ठरलेलं: देवाची परीक्षा घ्यायची नसते. मान्य. पण आकडे उलटे पडले असते तर हेच लोक त्यांचे फलक चर्चच्या दारावर लावून मोकळे झाले असते. तेव्हा हा मुद्दा रडीचा डाव न खेळता सोडून द्यावा हे बरं. औषध म्हणून प्रार्थना सिद्ध झालेली नाही. प्रश्न एवढाच उरतो की, देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचा भरवसा मुळात या मंजुरीवर उभा असतो का?

रमाबाईंचा नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. त्यांची वाट जरा नीट पाहिली तर हे दिसतं. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. भावाबरोबर पायपीट करत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी 1882 मध्ये पटकीने नवरा, बिपिनबिहारी मेधावी, गेला. या सगळ्या काळात त्यांना कोणत्या नव्या देवाने काही दिल्याची नोंद नाही. धर्मशास्त्रं वाचून, त्यांत स्त्रियांना आणि शूद्रांना काय जागा आहे हे पाहून त्यांचं मन उडालेलं होतं. नेहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्यांच्या लिखाणाने बुद्धीच्या काही शंका फिटल्या. पण निर्णायक गोष्ट घडली त्या इंग्लंडला गेल्यावर, लंडनमधल्या फुलहॅमला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे जोगिणी एक घर चालवत होत्या. अशा बाईला हाकलायचं नसतं, माणसांत परत आणायचं असतं, हे धर्माच्या नावाने चाललेलं काम बाईंनी पहिल्यांदा पाहिलं. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची आणि ख्रिस्ताची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या सगळ्यात मागितलेलं मिळाल्याचा पुरावा कुठेच नाही. जो पुरावा आहे तो एका स्वभावाचा आहे: असा एक देव असू शकतो, आणि त्याला मानणारी माणसं अशी वागू शकतात.

आता गंमत अशी की, बाप्तिस्म्याचं पाणी वाळतं न वाळतं तोच शंका सुरू झाल्या. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचं देवत्व, अथेनेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार, यांतलं काहीही बाई मुकाट्याने गिळायला तयार नव्हत्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका बाजूला, आपण वाढवलेलं लेकरू हातचं जातं आहे म्हणून कासावीस झालेली, प्रेमळ पण हेकट बाई. तिच्या मते शंका म्हणजे अहंकार, शाकाहाराचा आग्रह म्हणजे उरलेली जात. दुसऱ्या बाजूला पंचविशीतली, परक्या देशात मठाच्या अन्नावर असलेली विधवा, जी शांतपणे सांगते की, एका पुरोहितवर्गाचं जोखड मी नुकतंच उतरवून आले आहे, तसलंच दुसरं मानेवर घेण्यासाठी नव्हे. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, इथपर्यंत भांडण. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनीच मोडता घातला. ज्या देशातून बायकांना ज्ञान नाही म्हणून या आल्या, तिथे त्यांच्या बापाने किंवा नवऱ्याने पुरुषांना शिकवायला कधी हरकत घेतली नव्हती, हे त्यांनी साहेबांना ऐकवलं. पुढे मायदेशी परतून त्यांनी काढलेल्या शारदा सदनातही तेच. ती संस्था 1889 मध्ये मुंबईत निघाली आणि मग पुण्याला आली. तिथे धर्म शिकवत नाही म्हणून ख्रिस्ती लोक नाराज, आणि शिकवते म्हणून 1893 मध्ये पुणेकर संतप्त. त्याआधी, 1885 मध्ये, रमाबाईंची बाजू जाहीरपणे घेणारा माणूस होता जोतीराव फुले, जो कोणत्याच चर्चचा नव्हता.

इथवर मला रमाबाईंची वकिली करणं सोपं गेलं. पण टोमणा मारणाऱ्यांच्या हातात एक हुकमाचं पान आहे, आणि ते खुद्द बाईंनीच त्यांना दिलेलं आहे. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या दुष्काळाची हकीकत सांगतात: उपास केले, तिरुपतीसारखी क्षेत्रं केली, दानं दिली, देव काही बोलले नाहीत. ही हकीकत तिथे निव्वळ आठवण म्हणून येत नाही, ती जुन्या देवांविरुद्ध पुरावा म्हणून येते. मग तोच काटा त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनला का लावू नये? तिथे 1896-97 च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या, 1900 च्या सुमारास ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना होत होत्या, 1905 मध्ये तर प्रार्थनेचं उधाण आलं. आणि तरी त्या काळात साथींनी, अशक्तपणाने मुली जात असणारच. विठ्ठलाच्या भक्ताला एक माप आणि येशूच्या भक्ताला दुसरं, हे चालणार नाही. प्रार्थना न फळणं हा तिरुपतीविरुद्ध पुरावा असेल तर तो केडगावविरुद्धही आहे. केडगावविरुद्ध नसेल तर तिरुपतीविरुद्धही नाही. माझ्या मते तो दोन्हीकडे नाही. म्हणजे 1907 च्या रमाबाईंचा हा युक्तिवाद मला सोडावा लागतो. धर्मशास्त्रांवरचा त्यांचा आक्षेप मात्र जागच्या जागी उभा राहतो, कारण तो देवाने काय दिलं याबद्दल नसून देवाच्या नावाने काय शिकवलं गेलं याबद्दल आहे.

पण ‘पुरावा नाही’ म्हणून सुटका होते का? इथे अँटनी फ्लू या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा आक्षेप आडवा येतो, आणि आस्तिकांनी तो जितका गंभीरपणे घ्यायला हवा तितका घेतलेला नाही. त्याचा मथितार्थ असा: पोरगं घशाच्या कर्करोगाने मरतं आहे, ऐहिक बाप जिवाचं रान करतो, स्वर्गीय बापाची हालचाल दिसत नाही. आस्तिक म्हणतो, त्याचं प्रेम मानवी प्रेमासारखं नाही. ठीक. मग अजून एक अट, अजून एक पुरवणी. असं करता करता त्या विधानात उरतं काय? काय घडलं असतं म्हणजे देव प्रेमळ नाही असं तुम्ही मान्य केलं असतं? काहीच नाही, असं उत्तर असेल तर तुम्ही काहीही म्हणत नाही आहात. बेझिल मिचेलने याला दिलेलं उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटतं. शत्रूने व्यापलेल्या देशातला एक क्रांतिकारक एका रात्री एका अनोळखी माणसाला भेटतो, आणि त्या भेटीने भारून जाऊन त्याच्यावर भरवसा ठेवतो. पुढे तो माणूस कधी मदत करतो, कधी शत्रूच्या पोलिसांच्या गणवेशात आपलीच माणसं पकडून देताना दिसतो. क्रांतिकारक भरवसा सोडत नाही. पण जे दिसतं ते आपल्या भरवशाविरुद्ध जातं हेही नाकारत नाही. मिचेलचं म्हणणं एवढंच की, विरोधी पुरावा मोजणं आणि त्यापुढे लगेच शरण जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो तो मोजतच नाही त्याचा भरवसा पोकळ, हे त्यालाही मान्य आहे.

मिचेलच्या गोष्टीत एक भोक आहे: त्या क्रांतिकारकाला रात्री कुणीतरी खरोखर भेटलं होतं. देव कुणाला भेटला? रमाबाईंपुरतं उत्तर फुलहॅम हे आहे. त्यांना देवाचा स्वभाव माणसांच्या वागण्यातून दिसला. आणि हे मान्य केलं की सगळ्या वादाची जागाच बदलते. ज्याचा भरवसा ख्रिस्ती बायकांचं वागणं पाहून उभा राहिला, त्याच्याविरुद्ध सगळ्यात जड पुरावा मेलेलं मूल हा नाही. सगळ्यात जड पुरावा म्हणजे ख्रिस्ती लोकांचं वागणं. शंका विचारणाऱ्याला अहंकारी म्हणणारी धर्ममाता, बाईने शिकवायला हरकत घेणारा बिशप, शोकात बुडालेल्याचा विश्वास तपासणारा चंगाईवाला: देवाविरुद्धचे खरे साक्षीदार हे आहेत. यावर कुणी म्हणेल, चांगलं वागणं देवाच्या खात्यात आणि वाईट वागणं माणसाच्या खात्यात, ही हिशेबाची चलाखी झाली. आक्षेप रास्त आहे. त्याचं अर्धं उत्तर असं की, फुलहॅमचं काम त्या विहिरीवरच्या गोष्टीतून सरळ निघतं, तर बिशपांची हरकत त्या गोष्टीच्या विरुद्ध जाते. ख्रिस्त त्या बाईशी बोलला आणि तीच गावात जाऊन बोलू लागली. अर्धं म्हणतो, कारण बिशपही पौलाची पत्रं उघडून दाखवू शकत होते. उरलेलं अर्धं उत्तर रमाबाईंनी वादात दिलं नाही. त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्येच फुलहॅमसारखं घर उभं केलं, त्याचं नाव कृपासदन.

तक्रारीचंही असंच. शंका आणि तक्रार म्हणजे विश्वास कमी, हे ज्यांना वाटतं त्यांनी आपलाच ग्रंथ वाचलेला नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द ख्रिस्ताने प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. ज्या धर्माच्या मध्यभागीच नाकारलेली प्रार्थना आहे, त्याचे उपदेशक नाकारल्या गेलेल्यांना नापास ठरवतात! मराठी माणसाला तर हे शिकवायलाच नको. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेले तुकोबा विठोबाशी कसे भांडतात हे वारकऱ्याला पाठ असतं, आणि त्यांच्यात विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते बाहेर पडले, तेव्हा मिशनची चौकट आणि देव या त्यांच्या लेखी दोन गोष्टी होत्या.

म्हणून चर्चमधल्या मंडळींना विनंती आहे की, शंका घेऊन आलेल्याला आधी बसायला सांगा, आणि ज्याच्या घरी मढं पडलं आहे त्याला विश्वासाचा हिशेब विचारू नका. विवेकवादी मित्रांना एवढंच, की रमाबाईंवर टोमणा मारण्याआधी त्यांचा पत्रव्यवहार वाचा; तो 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. त्यात बाईंच्या सगळ्या शंका, सगळी चिडचिड, सगळं भांडण शाबूत आहे. ती पत्रं जपून, जुळवून ठेवली सिस्टर जेरल्डाइननेच.