फोन मिळेल, फोटोंचं सांगता येत नाही

चि. ईश्वरीस,


तुझ्या आईकडून सगळं कळलं. हॉस्टेलमध्ये कुणीतरी पिन पाहिला म्हणून तू तो रात्री घाईघाईत बदललास, सकाळी फोन बंद करून चालू केलास आणि आता नवा पिन काही केल्या आठवत नाही. बोटाचा ठसा का चालेना, तर फोन नव्यानं सुरू झाला की पहिल्यांदा पिनच लागतो. एरवीही अँड्रॉइड दोन-तीन दिवसांतून एकदा तो मागतो. बाकी वेळ ठशावर भागतं, म्हणून पिन डोक्यात मुरत नाही.

आधी आकडे बडवणं थांबव. चुका वाढतील तसा फोन तुला जास्त जास्त वेळ ताटकळत ठेवणार.

‘फोन बनवला त्यांनी, मग उघडून का देत नाहीत?’ असं तू चिडून म्हणालीस म्हणे. तुझा राग समजतो, पण त्यांच्याकडे किल्लीच नसते. आतला मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली तुझा पिन आणि चिपमध्ये दडवलेलं गुपित यांच्या मेळातून तयार होते. पिन नाही तर किल्ली नाही.

एक जुनं उदाहरण सांगतो. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला डिसेंबर 2015 मध्ये गोळीबार झाला. हल्लेखोराचा आयफोन 5सी पोलिसांच्या हाती लागला, पण कुलूपबंद. चार आकडी पिन म्हणजे फार तर दहा हजार शक्यता. पण दहा चुकांनंतर सगळं पुसलं जाईल अशी धास्ती होती. ही अडचण दूर करणारं सॉफ्टवेअर बनवून द्या, असा आदेश न्यायालयानं फेब्रुवारी 2016 मध्ये ॲपलला दिला. कंपनी अडून बसली. शेवटी बाहेरच्या कुणाकडून तरी एफबीआयनं फोन उघडून घेतला आणि मार्चअखेर सरकारनं न्यायालयातला अर्ज मागे घेतला. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तपास सुरू होताच त्या फोनच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड एफबीआयच्या सांगण्यावरून बदलला गेला आणि फोन आपणहून नवा बॅकअप घेईल ही वाट बंद झाली. क्लाउडवरचा शेवटचा बॅकअप ऑक्टोबरमधला होता, तेवढाच हाती राहिला. तेव्हा घाबरून गुगलचा पासवर्ड बदलत बसू नकोस. नुकताच बदललेला असेल तर फोन रीसेट करण्याआधी, म्हणजे पुसून कोरा करण्याआधी, एक दिवस थांबावं लागतं.

आता तुझा फोन. गुगलच्या साइटवरून तो दुरून पुसता येतो, नुसतं कुलूप काढता येत नाही. किंवा फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं. काही कंपन्यांची बटणं वेगळी असतात, ती आधी बघ. काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येईल. तिथं बोट फिरवून उपयोग नाही; आवाजाच्या बटणांनी खाली सरकायचं, ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ या ओळीवर थांबायचं आणि पॉवरचं बटण दाबायचं. मग फोन कोरा होतो आणि आधीचं गुगल खातं मागतो. चोराला अडवण्यासाठी 2015 पासून केलेली ही सोय. खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर रीसेट करूच नकोस. लॅपटॉपवर खातं उघडतंय का, ते आधी पाहा.

तुझी रूममेट आयफोनवाली आहे, म्हणून तिच्यासाठी एक सांगतो. आयओएस 17 पासून पासकोड बदलल्यावर 72 तासांच्या आत जुना पासकोड देऊन नवा ठेवता येतो. अँड्रॉइडनं हे उचलायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांची काळजी करू नकोस, ते बँकेत आहेत. सिम काढून आईच्या जुन्या फोनमध्ये घाल, ओटीपी यायला लागतील. यूपीआयचं ॲप त्याच सिमवर पुन्हा नोंदवता येतं. व्हॉट्सॲपच्या गप्पा मात्र शेवटच्या बॅकअपपर्यंतच्याच परत येतील, तेही नंबर आणि गुगल खातं तेच असेल तर. फोटोंचंही तसंच. ड्राइव्हची जागा भरल्याचा इशारा येत असे आणि तू तो बाजूला सारत असशील, तर तेव्हापासूनचे फोटो गेले.

स्टेशनबाहेर ‘सर्व लॉक काढून मिळतील’ अशी पाटी दिसेल. बहुतेक ठिकाणी दुकानदार फोन फ्लॅशच करून देतो, म्हणजे परिणाम वर सांगितला तोच, पैसे घेऊन. डेटा न जाता उघडतो म्हणाला, तर पैसे आगाऊ देऊ नकोस आणि गुगलचा पासवर्ड तर मुळीच सांगू नकोस.

रीसेट करायच्या आधी लॅपटॉपवर गुगल फोटो उघड आणि सगळ्यात वरचा फोटो कोणत्या तारखेचा आहे, ते मला कळव.

तुझा,
अविनाशमामा